खुलं पत्र : एक गिरणी ज्वारीसाठी राखून ठेवा

मराठवाड्यातल्या पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या सगळ्या मामांना, दादांना आणि ताईंना,

सप्रेम रामराम.

तुमच्याकडं दळणाची रांग असते आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून मागणी आधी सांगते, कारणं मागून. तुमच्यापैकी ज्यांच्या दुकानात पिठाच्या दोन गिरण्या आहेत, त्यांनी त्यातली एक ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि नाचणी एवढ्यांसाठीच राखून ठेवावी. त्या गिरणीत गहू कधीच पडू नये, लग्नसराईत कितीही गर्दी झाली तरी नाही. आणि ज्यांच्याकडं एकच गिरणी आहे, त्यांच्याकडं कोणी 'आमच्या लेकराला गहू अजिबात चालत नाही' असं सांगत डबा घेऊन आलं, तर त्यांना खरं ते सांगावं. या दगडावर गहू दळतो, तुमचं पीठ गव्हाविना निघेल याची खात्री मला देता येत नाही, असं. मागणी एवढीच आहे.

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. राय आपल्याकडं कोणी खात नाही, जव फारसा नाही, त्यामुळं आपल्यापुरतं ग्लुटेन म्हणजे गहू आणि गव्हापासून झालेलं सगळं : कणीक, रवा, मैदा, शेवया, दलिया. कणीक मळली की ती ताणली जाते, पोळी फाटत नाही, ती या ग्लुटेनमुळंच. ज्वारीत ते नसतं. म्हणून तर भाकरीच्या पिठाला ऊन पाणी लागतं आणि भाकर लाटता येत नाही, थापावी लागते.

सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की त्याच्याच शरीरातली रोगाशी लढणारी यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व तीच ओढून घेते. ती लव झिजून सपाट होत जाते. मग जेवलेलं अंगी लागत नाही. लेकराची उंची अडते, वजन भरत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, तोंड येतं. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नाही. मोठ्या माणसांची हाडं ठिसूळ होतात. काहींना तर वरून कसलाच त्रास दिसत नाही आणि आतलं नुकसान चालूच राहतं. या आजारावर आज औषध नाही. ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद करणं हाच उपचार, आणि तो नीट पाळला तर आतडं सुधारतं, लेकरू इतर लेकरांसारखं वाढतं.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कळायलाही जगाला बराच काळ लागला. विलेम डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, त्यांच्या देशात उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. अशा दिवसांत त्यांची आजारी मुलं उलट सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगायला लागली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, तो या काळात पक्का झाला. आपल्या देशात हा आजार उत्तरेकडं, गहू खाणाऱ्या पट्ट्यात जास्त सापडतो. तिकडच्या पाहणीत शंभरामागं साधारण एक माणूस निघालं आहे. आपल्याकडं तो कमी दिसतो, पण आता आपल्याही ताटात रोज पोळी आहे, आणि ज्याच्या शरीरात मुळातच हा दोष आहे त्याला तो कुठल्याही गावात त्रास देणारच.

डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा आमच्या घरात वाटलेला पहिला दिलासा ज्वारीचा होता. पंजाब-हरियाणातल्या आईनं काय करावं? तिचं सगळं घर गव्हावर उभं. आमचं तसं नाही. लातूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला भाकर शिकवावी लागत नाही. माझ्या सासूबाईंच्या लहानपणी पोळी म्हणजे सण होता, एरवी तिन्ही त्रिकाळ भाकर आणि कालवण. वेळा अमावस्येला शेतात जे जेवण मांडतो त्यातलं निम्मं-अर्धं या आजारात चालतं : आंबील ज्वारीच्या पिठाची, उंडे बाजरीचे, भज्जी शेंगा-भाज्यांची. सोडायची ती गव्हाची खीर आणि पोळी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीचे परभणी मोती, परभणी ज्योती, परभणी शक्ती असे वाण दिले आहेत. 2023 हे साल तर जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. वाण आपल्याकडं, रान आपल्याकडं, भाकर थापणारे हात आपल्याकडं. ज्या मुलाला गहू चालत नाही त्यानं जन्म घ्यावा तर मराठवाड्यात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही घरातून गहू काढला. मुलीसाठी रोज ज्वारीची भाकर, वरण, भात, भाजी. पोळीचा तुकडाही तिच्या तोंडात जाऊ दिला नाही. ग्लुटेनमुळं शरीराची यंत्रणा उलटली की रक्तात प्रतिपिंडं वाढतात. पुढच्या तपासणीत त्यांचा आकडा उतरायला पाहिजे तसा उतरला नव्हता. डॉक्टरांनी ताटातली एकेक गोष्ट विचारली, मसाले विचारले, शाळेतला डबा विचारला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ज्वारी दळून कुठून आणता?"

त्या प्रश्नासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

तुम्हाला गिरणी मी समजावून सांगायची गरज नाही, तुमचा तर हात तिच्यावर फिरतो. दोन दगड, एक स्थिर, एक फिरता. दगडांना टाकी लावून खाचा पाडलेल्या. दाणा मधून आत जातो आणि खाचांतून पीठ होत होत कडेला येतो. गव्हाचं दळण संपलं, डबा उचलला, तरी खाचांत पीठ दबून बसलेलं असतं. दगडाभोवतीच्या कडेला साचलेलं असतं, पीठ पडतं तिथल्या कापडी पिशवीच्या आतल्या अंगाला चिकटलेलं असतं. त्यावर ज्वारी टाकली की आधी ते बाहेर पडतं आणि ज्वारीच्या पिठात मिसळतं. बाकीच्या कुठल्याच गिऱ्हाइकाला याचं काही वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. भाकरीला थोडी कणीक लागली तर ती उलट मऊच होते.

आता हिशेब पाहा. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षेच्या नियमात, ज्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणायचं त्याच्या एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. जगात बहुतेक ठिकाणी हाच आकडा धरतात. गव्हाच्या पिठात ग्लुटेन साधारण आठ टक्के धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली की ती मर्यादा गाठली गेली. पाव ग्रॅम म्हणजे चिमटीत मावेल तेवढी. गव्हानंतर टाकलेल्या ज्वारीत किती कणीक उतरते याचा अंदाज तुम्हालाच जास्त. किलोमागं दहा ग्रॅम उतरली असं धरू. त्या पिठाच्या अडीचशे ग्रॅमच्या भाकरी कोणी दिवसभरात खाल्ल्या, तर पोटात साधारण 200 मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं. सिलिअ‍ॅकच्या माणसानं दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहावं असं डॉक्टर सांगतात. रोज 50 मिलिग्रॅम जात राहिलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा दिसते, हे तपासून पाहिलेलं आहे. एक पोळी तीस ग्रॅम कणकेची धरली तर हे 50 मिलिग्रॅम त्या पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग होतात.

म्हणून 'एवढ्याशानं काय होतंय' हे वाक्य आमच्यासाठी सगळ्यात अवघड असतं. ते प्रेमानंच म्हटलेलं असतं. आजी म्हणते, मावशी म्हणते, पंगतीत वाढणारा म्हणतो. आणि खरोखर त्या वेळी काही होतही नाही. अंगावर पुरळ उठत नाही, श्वास अडत नाही, बऱ्याचदा पोटही दुखत नाही. मूल हसत-खेळत झोपतं. मग बघणाऱ्याची खात्री पटते की आईच फार घाबरट आहे. नुकसान आत होत असतं आणि ते कळतं पुढच्या तपासणीत, नाहीतर वर्षाच्या शेवटी शाळेत उंची मोजतात तेव्हा.

तुम्ही म्हणाल, आम्ही गहू झाला की दगड झाडतो, थोडी ज्वारी वाया घालवून मगच दळण घेतो. हे करणारे गिरणीवाले मी पाहिले आहेत आणि त्यांची आच खरी असते. पण खाचेत दाबून बसलेलं पीठ झाडल्यानं सगळं निघत नाही, आणि चिमटीभर कणकेचा जिथं प्रश्न आहे तिथं पहिली दोन किलो ज्वारी बाजूला काढूनही खात्री देता येत नाही. त्यातून गिरणीच्या हवेत पीठ तरंगत असतंच. शेजारच्या गिरणीवर गहू चालू असेल तर ते उघड्या डब्यावर बसतं. म्हणून माझं मागणं साफसफाईचं नाही. गहू कधीच न पडलेला दगड पाहिजे. तो दुकानाच्या एका कडेला असावा, त्याची पिशवी, चाळणी, पीठ भरायचं भांडं वेगळं असावं, आणि खाली सांडलेलं पीठ झाडून त्यात परत टाकलं जाऊ नये.

हे तुम्हाला नवीन नाही, असं मी धीर करून म्हणते. मिरचीचं आणि हळदीचं कांडप तुम्ही पिठाच्या दगडावर करता का? त्याचं यंत्र वेगळं असतं, कारण पिठात मिरचीचा कण गेला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. आणि नवरात्र आठवा. आषाढी, श्रावण, शिवरात्र आठवा. भगर, राजगिरा, साबुदाणा घेऊन बाया येतात आणि विचारतात, "मामा, उपवासाचं दळण कधी टाकू?" तुम्ही वेळ ठरवून देता. कोणी सकाळी गिरणी स्वच्छ करून पहिलं दळण उपवासाचं घेतं, कोणी तेवढे दिवस एक गिरणी त्यालाच देतं. उपवासाच्या पिठाला धान्य लागू नये हा शब्द तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहात. त्यासाठी कुठल्या कायद्याची गरज पडली नाही. समोरच्या माणसाचं व्रत आपल्या दगडावर मोडू नये एवढी जाण पुरली. माझ्या मुलीचा गव्हाचा उपवास तिच्या जन्माला पुरणारा आहे आणि तिला तो मोडून चालत नाही. तीच जाण मी तिच्यासाठी मागते आहे.

आमच्यापुरती सोय आम्ही केली. घरघंटी हप्त्यानं घेतली, तिच्यात गहू जात नाही, आणि त्यानंतर मुलीचा आकडा हळूहळू खाली आला. आता तिच्या गालावर रंग आहे. पण दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या सगळ्यांना घरघंटी परवडणारी नसते. बीडकडून ऊस तोडायला जाणारं कुटुंब वर्षातले कितीतरी महिने कोपीत राहतं. जिथं टोळी, तिथली गिरणी. त्यांनी लेकराची भाकर कुठं दळायची? रोजंदारीवर जाणारी बाई आठवड्याचं दळण एकदाच टाकते, तेही सांजच्याला, सगळ्यांचे गहू दळून झाल्यावर. आजार माणसाची ऐपत बघून येत नाही, पण त्यातून सुटायची वाट आज ऐपतीवर ठरते. तालुक्याच्या गावात एक जरी गिरणी गव्हाविना असली, तर ही वाट सगळ्यांना मोकळी होईल. हे काम मोठ्या इस्पितळाला करता येत नाही, सरकारी योजनेला येत नाही. ते तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला लिहिलं.

तुमच्या गिरणीवर ज्वारीशिवाय आणखी काय काय येतं, त्यातलंही थोडं सांगते, कारण लपलेला गहू बहुतेक तुमच्याच समोरून जातो. येसर घ्या. आपल्या लग्नांतली येसर आमटी सगळ्यांच्या आवडीची. तिचं पीठ भाजलेल्या धान्या-डाळींचं, मसाल्यांचं, आणि अनेक घरांत त्यात मूठभर गहू असतो. आमटी म्हणून पाहुण्यांच्या लेकराला वाढली तर कोणाच्या डोक्यातही येणार नाही की त्यात गहू आहे. थालिपिठाची भाजणी तशीच, मेतकूट तसंच, सातूचं पीठ तर बहुतेक गव्हाचं नाहीतर जवाचं असतं. धपाटे ज्वारीचे म्हणून ओळखले जातात, पण वळावेत, तुटू नयेत म्हणून बऱ्याच जणी त्यात कणीक घालतात. बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, त्यात मुळात काहीच धोका नाही, पण ते गव्हाच्या दगडावर दळलं की त्यातही तेच. आणि बेसन तर भज्यांत, पिठल्यात, झुणक्यात, वेळा अमावस्येच्या भज्जीतही जातं. म्हणून राखीव गिरणीवर हरभऱ्याची डाळ घेता आली तर फार बरं, मात्र त्यात गहू मिसळलेली भाजणी आणि येसर कधीच नको. दळण टाकताना 'यात गहू आहे का' एवढं विचारून घेतलं तरी अर्धं काम होतं.

हिंग तुमच्या गिरणीवर येत नाही, पण कांडपाच्या मसाल्यात येतो. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग निव्वळ हिंग नसतो. खरा हिंग फार उग्र, म्हणून तो गोंद आणि पिठात बांधून विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं, म्हणजे मैदाच असतो. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, तो आम्ही वापरतो. फोडणीत हिंगाची चिमूट रोज पडते, भाजीत, वरणात, लोणच्यात, पापडात. गहू बंद करूनही फरक पडला नाही असं सांगणाऱ्या घरात मी आता आधी दोनच गोष्टी विचारते, गिरणी आणि हिंग.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एक बरं आहे. पाकिटात गहू असेल तर तसं स्पष्ट छापावं लागतं, हा नियम आहे. वाचणारं माणूस वाचू शकतं. सुट्ट्या पिठावर काहीच छापलेलं नसतं. तिथं तुमचा शब्द हेच लेबल.

दाण्याचंही एक आहे. आपल्याकडं रब्बीत ज्वारी आणि गहू एकाच शिवारात, कधी एकाच वावरात शेजारी-शेजारी असतात. मळणीयंत्र तेच, पोती तीच, अडतीवरची जागा तीच. त्यामुळं दुकानातून आणलेल्या ज्वारीत गव्हाचे दाणे निघतात. ते निवडणं हे आमचं काम. परातीत घेऊन निवडायचं, पाखडायचं, धुऊन वाळवायचं, मग दळायला पाठवायचं. ते आम्ही करू. पण असं निवडलेलं धान्य गव्हाच्या दगडाखाली गेलं की सगळी मेहनत मातीत जाते, म्हणून तेवढं तुमच्याकडं मागतो.

धंद्याचं बोलायचं तर सिलिअ‍ॅकच्या चार घरांवर गिरणी चालत नाही, हे मला कळतं. पण ज्वारीची गिरणी सगळ्यांचीच आहे. मराठवाड्यात भाकर खाणारी घरं कमी झाली असली तरी संपलेली नाहीत, आणि आता शहरातली माणसंही ज्वारीचं पीठ मागतात. पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांना आया इथून पीठ पाठवतात. ज्वारीची एक गिरणी दिवसभर चालेल एवढं दळण तालुक्याच्या गावात निघतं. फक्त तिच्यात गहू टाकायचा नाही, एवढाच निर्धार लागतो. बचत गटांच्या ज्या ताया कडक भाकरी आणि ज्वारीचं पीठ विकतात, त्यांनाही मी हेच सांगेन. एक छोटी गिरणी गटाच्या नावावर घ्या आणि गहू तिच्या वाऱ्यालाही उभा करू नका. तुमच्या भाकरीला गिऱ्हाईक शोधत लांबून येईल.

पाटीवर काय लिहायचं, याचाही विचार केला आहे. 'ग्लुटेन फ्री' लिहू नका. तो शब्द कायद्याचा आहे. तो लिहायचा तर पीठ प्रयोगशाळेतून तपासून 20 मिलिग्रॅमच्या आत असल्याचं दाखवता आलं पाहिजे, आणि न तपासता लिहिलं तर कोणाचं लेकरू त्या शब्दावर विसंबून खाईल. त्यापेक्षा साधं लिहा : 'या गिरणीवर गहू, रवा, भाजणी दळली जात नाही.' हे तुम्ही रोज डोळ्यांनी पाहू शकता आणि छातीठोकपणे सांगू शकता. आम्हाला तेवढं पुरेसं आहे, बाकीचं आम्ही डॉक्टरांना विचारून ठरवू. गिरणीवर नोकर असेल, भाचा-पुतण्या बसत असेल, तर त्यालाही सांगून ठेवा. मालक जेवायला गेल्यावर एक डबा गहू पडला तर पाटीचा उपयोग उरत नाही, आणि पडलाच तर तो लपवू नका. 'आज चूक झाली, थांबा' एवढं सांगितलं तर आम्ही थांबू.

जाता जाता एक गोष्ट, कारण गिरणी ही गावातली बोलायची जागा आहे आणि तिथं ऐकलेलं घरोघरी जातं. ज्या लेकराची वाढ खुंटली आहे, रक्त वाढत नाही, पोट सारखं बिघडतं, त्याच्या आईला कोणी सांगत असेल की 'गहू बंद करून बघ', तर तिला थांबवा. आधी डॉक्टरांकडं जायचं. साधी रक्ताची तपासणी आहे, गरज पडली तर दुर्बिणीनं आतड्याचा बारीक तुकडा काढून बघतात. गहू आधीच बंद केला तर तपासणीत काही सापडत नाही आणि आजार तसाच दडून राहतो. तपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवायचा, निदान झाल्यावर पूर्ण बंद करायचा. घरात एकाला हा आजार निघाला तर सख्ख्या भावंडांची आणि आई-वडिलांचीही तपासणी करावी, त्यांच्यात तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. हे तुमच्या तोंडून गेलं तर माझ्यासारखीच्या तोंडून जाण्यापेक्षा लोक जास्त ऐकतील.

आणि हे शहरी लोकांचं नवं फॅड आहे असं कोणी रांगेत उभं राहून म्हणालं, तर त्याला त्या लेकराकडं बघायला सांगा. वजन कमी करायला पोळी सोडणारी माणसं वेगळी, त्यांच्या पिठात थोडी कणीक आली तर काही बिघडत नाही. आमचं तसं नाही.

नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावरून घरात येईल. त्याच सुमाराला पुष्कळजण दगड काढून टाकी लावून घेता, पिशव्या बदलता, गिरणी धुऊन-पुसून घेता. ज्यांना एक गिरणी राखून ठेवणं जमणार आहे त्यांनी ते तेव्हा करावं. दगडाला नवी टाकी, कापड नवं, भोवतालची जागा स्वच्छ, आणि पहिलं दळण नव्या ज्वारीचं. शक्य असेल तर त्या गिरणीसाठी दगडच नवे घ्या, जुन्या दगडाच्या खोल खाचांत वर्षानुवर्षांचा गहू असतो. पाटी लावली की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणि बालरोगाच्या डॉक्टरांकडं एक निरोप पाठवा. कोणत्या घराला या गिरणीची गरज आहे हे त्यांना माहीत असतं, ते पाठवतील. औसा भागातल्या ज्या मामांना हे करायचं आहे, त्यांच्या दुकानाची पाटी मी स्वतः रंगवून देईन आणि माझ्या ओळखीतल्या सगळ्या घरांचं ज्वारीचं दळण तुमच्याकडं वळवीन.

तुमच्याकडं दळण टाकत आलेली एक गिऱ्हाईक,
औसा, जि. लातूर